शिगेचं पीठ, दाबलेला गूळ

माझी भाची पुण्याहून फोन करते आणि विचारते, "मावशी, एक कप बेसन म्हणजे किती ग्रॅम गं?" मी विचारते, कोणाचा कप? ती चिडते. म्हणते, अगं स्टँडर्ड कप. आमच्या लहानपणी घरात चार कप होते. दोन पाहुण्यांचे, एक बाबांचा आणि एक कान तुटलेला, ज्यातून आम्ही भावंडं पाळीपाळीनं चहा पीत होतो. त्यातला स्टँडर्ड कोणता ते मला अजून कळलेलं नाही. हल्ली तर फोनवर तक्तेच तक्ते मिळतात. वाटीभर रवा इतके ग्रॅम, वाटीभर साखर तितके. ते तक्ते करणाऱ्यांनी आयुष्यात कधी हातानं वाटी भरली असेल, असं मला वाटत नाही. भरली असती तर आधी विचारलं असतं, की बाई, भरायची कशी? मी स्वतः तीस वर्षं मुलींना गृहविज्ञान शिकवलं, चमच्यावरून सुरी फिरवून पीठ सपाट करायला शिकवलं, तेव्हा हसण्याचा मला अधिकार नाही हे मला समजतं. पण अधिकार नाही म्हणून हसू थोडंच थांबतं? असा एक तक्ता मीही केला होता. मॅट्रिकची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत होते तेव्हा. त्याच्याइतका मूर्ख तक्ता नागपुरात त्याआधी झाला नसेल आणि नंतरही झाला नसेल.

आमचं घर विणकरांच्या वस्तीत होतं. पुढच्या खोलीत बाबांचा माग, मागच्या खोलीत मायचा संसार. माग जमिनीत खड्डा करून बसवलेला. बाबा त्यात पाय सोडून बसले की कमरेपर्यंतच दिसायचे, आणि सकाळपासून धोटा इकडून तिकडे पळत राहायचा. खटक खट, खटक खट. तो आवाज बंद झाला की आम्ही पोरं दचकून बाहेर यायचो, कारण आवाज बंद म्हणजे सूत तुटलं, आणि सूत तुटलं म्हणजे बाबांचं डोकं फिरलं. घरभर सुताला लावायच्या खळीचा वास. त्या वासात आम्ही ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी खायचो, आणि रविवारी रस्सा असा की नाकाडोळ्यांतून पाणी यावं. पाहुणे रस्सा पाहून घाबरायचे. माय त्यांच्याकडे पाहून म्हणायची, "तिखट नाही हाय बाप्पा, रंगच तसा हाय." आणि पाहुणा पहिल्या घासाला उठून गुंडातलं, म्हणजे पितळी घागरीतलं, पाणी शोधायचा.

पण मायचं नाव होतं ते अनारशांसाठी. अधिक महिना, ज्याला आम्ही धोंड्याचा महिना म्हणायचो, त्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायची रीत. दर तीन वर्षांनी तो महिना यायचा आणि नागपुरातल्या सगळ्या सासवांना एकदम आठवण व्हायची, की आपल्याला अनारसे येत नाहीत. मग त्या मायकडे निरोप पाठवायच्या आणि पैसे मोजून अनारसे करवून न्यायच्या. रामदासपेठेतल्या मोठ्या बंगल्यांतूनसुद्धा निरोप यायचे. तांदूळ तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं. तो आंबूस वास घरात शिरला की खळीच्या वासावर मात करायचा. मग सावलीत फडक्यावर पसरून, दमट असतानाच उखळात कुटायचा आणि बाबांनीच विणलेल्या पातळ कापडातून चाळायचा. पीठ हाताला थंड लागायचं. त्यात पावशीवर, म्हणजे विळीवर, चिरलेला गूळ घालून मळलेला गोळा आठवडाभर मुरत ठेवायचा. माप एकच, पितळेचं, आम्ही त्याला शेर म्हणायचो. सरकारनं किलो आणला होता, किराणा दुकानदाराकडे लोखंडी वजनं आली होती, पण मायच्या चुलीपर्यंत सरकार अजून पोहोचलं नव्हतं. कोणी प्रमाण विचारलं तर ती म्हणायची, "एक माप पीठ, एक माप गूळ. त्यात काय हाय?"

त्यात काय आहे हे मला फार चांगलं ठाऊक आहे, असं मला तेव्हा वाटत होतं. मी शाळेत गेलेली, विज्ञानात पहिली, आणि माय अंगठा लावणारी. माझ्या अंगात इतकी घमेंड होती की आज आठवलं तरी माझीच मला किळस येते. माय भाजीत मीठ घालताना चिमटीकडे पाहायचीसुद्धा नाही आणि मी मागे उभी राहून नाक मुरडायची. अडाणीपणा म्हणायची. उघड नाही, मनात. पण मनातलं तोंडावर दिसत असणारच, कारण माय कधीकधी वळून म्हणायची, "काय पाहून राहिली वं? मीठ कमी वाटते काय?"

त्या वर्षी बाबांनी उमरेडचं एक स्थळ आणलं होतं. मुलगा मागावरच बसणारा, चांगला, निर्व्यसनी. बाबांचं म्हणणं सरळ होतं. "पोट्टी मॅट्रिक झाली, बस झालं. आता शिकून काय करन?" मला कॉलेजात जायचं होतं. गृहविज्ञानाचं कॉलेज होतं, मुलींसाठी वसतिगृह होतं, आणि त्या कॉलेजच्या कमिटीवर रामदासपेठेतल्या डॉक्टरीणबाई होत्या. डॉक्टरीणबाई म्हणजे डॉक्टरांची बायको. स्वतः त्या कशाच्या डॉक्टर नव्हत्या, पण बोलायच्या अशा की समोरच्यानं जीभ बाहेर काढून दाखवावी. त्या महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या आणि एक पाककृतींचं पुस्तक लिहीत होत्या. साधंसुधं नाही, शास्त्रशुद्ध प्रमाणाचं. "आपल्या बायका मूठभर, चिमूटभर यातून बाहेरच येत नाहीत," असं त्या म्हणायच्या. त्यांच्या स्वयंपाकघरात काटा होता, घड्याळासारखी तबकडी असलेला. पुढे मला कळलं, की तो काटा आणण्यापूर्वीही त्यांना स्वयंपाक येत नव्हता आणि आणल्यावरही आला नाही. पण तेव्हा मी त्या काट्यासमोर देवासमोर उभं राहावं तशी उभी राहिले.

त्यांना पुस्तकासाठी मायचे अनारसे हवे होते. मायनं जायला नकार दिला. "मले तोंडानं सांगता येत नाही, हातानं येते," म्हणाली. मग मीच पुढे झाले. पितळेचा शेर फडक्यात गुंडाळून, मायनं दिलेलं पीठ आणि गूळ घेऊन मी रामदासपेठेत गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सुमन, तू हे काम नीट केलंस ना, तर कॉलेजात मी तुझ्यासाठी पत्र देईन. आणि तुझ्या वडिलांशीही बोलेन." झालं. त्या क्षणापासून ते पीठ मला पीठ दिसेना. उमरेड आणि कॉलेज यांच्यामध्ये उभा असलेला तो एक शेर होता, आणि मला तो बिनचूक मोजायचा होता.

बाईंच्या कपाटात पाककलेचं एक इंग्रजी पुस्तक होतं. त्यात लिहिलं होतं, पीठ मोजताना माप भरून वरून सुरी फिरवावी, उरलेलं काढून टाकावं. तपकिरी साखर मात्र दाबून भरावी. तपकिरी साखर म्हणजे आपला गूळच, असा मी निकाल देऊन टाकला. कोणाला विचारायची गरजच काय? मी शेरात पीठ भरलं आणि कंपासपेटीतली पट्टी त्यावरून फिरवली. वरचं सगळं पीठ खाली पडलं. मग गूळ भरला आणि अंगठ्यानं दाबला. दाबला की खाली बसायचा, म्हणून आणखी भरला. आणखी दाबला. काट्यावर ठेवलं. पीठ साडेपाचशे ग्रॅम, गूळ सव्वासहाशे. शेराचं वजन आधी वजा केलं होतं, म्हणजे शास्त्रात कुठेही कसूर नव्हती. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांच्या मैत्रिणीला म्हणाल्या, "बघा, हिला दृष्टी आहे." मी घरी येताना रस्त्यानं चालत नव्हते, तरंगत होते.

पुढच्या महिन्यात अधिक मास लागणार होता. त्याआधी मंडळाच्या सभागृहात बाईंनी अनारशांचं प्रात्यक्षिक ठेवलं. आठवडाभर आधी आम्ही दोघींनी त्यांच्या घरी तक्त्याप्रमाणे, ग्रॅमला ग्रॅम लावून गोळा मळला. तो हाताला चिकटत होता. माय असती तर त्या गोळ्याला एक बोट लावून तिनं मूठभर पीठ वर टाकलं असतं, आणि गोष्ट तिथंच मिटली असती. बाई म्हणाल्या, "मुरेल." मी म्हणाले, "हो, मुरेल." दोन शहाण्या बायका एका गोळ्याकडे पाहत उभ्या होत्या आणि दोघींपैकी एकीनंही आयुष्यात अनारसा केलेला नव्हता.

सभागृह भरलं होतं. रामदासपेठ, धरमपेठ, कुठून कुठून बायका आलेल्या, मांडीवर वह्या, हातात पेन्सिली. स्टोव्हवर कढई, कढईत पाच-सहा अनारसे पोहतील एवढं साजूक तूप. फळ्यावर माझ्या अक्षरात माझा तक्ता. बायका तो उतरवून घेत होत्या आणि मी प्रत्येक पेन्सिलीकडे पाहत होते. बाईंनी खसखशीवर पहिला अनारसा थापला, हातावर घेऊन तुपात सोडला. तो क्षणभर थांबला, मग कडेनं पसरायला लागला, मधे भोकं पडली, भोकांची आणखी भोकं झाली आणि बघता बघता कढईत नुसती जाळी तरंगत राहिली. मागच्या रांगेतून एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "हसला वं बाई, हसला!" अनारसा तुपात फुटून पसरला की आमच्याकडे तो हसला असंच म्हणतात. सगळं सभागृह अनारशासोबत हसलं. दुसरा टाकला, तो हसला. तिसरा तर हातातून सुटतानाच हसला. चौथ्यापर्यंत गुळानं तूप काळं झालं आणि जळका वास सुटला. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं वहीचं पान टरकन फाडलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा मी पाहत होते. त्यांना चूक शोधायची नव्हती, माणूस शोधायचं होतं. अशी माणसं चुकीत वेळ घालवत नाहीत. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ह्या लोकांचं हे असंच असतं बघा. धंद्याची गोष्ट, खरं प्रमाण कशाला सांगतील?" मग माझ्याकडे वळल्या. "सुमन, तुझ्या आईनं हेच प्रमाण दिलं होतं ना?"

मायनं ग्रॅम कधी तोंडानं उच्चारलेला नव्हता. मी म्हणाले, "हो."

"आणि ती स्वतः करते तेव्हा वेगळं घेत असणार."

एवढा मोठा हॉल, आणि सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला कॉलेज दिसत होतं. मी म्हणाले, "असेल, बाई."

लोक म्हणतात, घाबरून तोंडातून निघून गेलं. माझ्या तोंडातून काही निघून गेलं नाही. मी विचार करून बोलले. पीठ मोजण्यापेक्षा जास्त विचार करून बोलले.

दोन दिवसांत निरोप यायला लागले. कोणाचा गडी आला, कोणाची मोलकरीण आली. अनारसे नकोत म्हणून सांगितलंय. बहुतेक सगळे एकच वाक्य बोलायचे आणि मायकडे न पाहता परत जायचे. तांदूळ भिजलेला होता, तीन मोठे गंज भरून. माय प्रत्येकाला विचारायची, "काहून बाप्पा? काही चुकलं काय?" चौथा निरोप येऊन गेल्यावर ती उखळापाशी बसली आणि मला म्हणाली, "तू गेली होती न त्या दिवशी? काय झालं तिथं? सांग मले."

मी सांगितलं. म्हणजे अनारसे हसले एवढं सांगितलं. मी "असेल" म्हणाले ते सांगितलं नाही. ते तिला निरोप आणणाऱ्या एका मोलकरणीकडून आधीच कळलं होतं, हे मला नंतर समजलं. ती म्हणाली, "कसं मोजलं होतं? दाखव." मी शेर घेतला, पीठ भरलं, पट्टी फिरवली. ती नुसती पाहत राहिली.

"हे काय केलं?"

"सपाट. तसंच मोजतात."

"अवं, पिठाले शीग लावत असतात! हा एवढा डोंगर वर राह्यते तवा माप होते. अन् गूळ?"

मी गूळ भरला आणि अंगठ्यानं दाबला. मायनं कपाळावर हात मारला. "गूळ दाबला? काय गादीत कापूस भरून राहिली होती काय तू? गूळ तं भुरभुर टाकाचा असते, आपोआप राह्यन तेवढा." आणि मग ती हसली, खरोखर पोट धरून हसली. पुढच्या खोलीतून बाबांनी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काही नाही गा, तुमची पोट्टी शिकून राहिली." हसू संपल्यावर माझ्याकडे पाहून म्हणाली, "मले एकदा इचारलं काहून नाही? मी तं इथंच होती." याचं उत्तर मला ठाऊक होतं. पण ते तिच्या तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं. ती शाळेत गेलेली नव्हती, हेच ते उत्तर.

दुसऱ्या दिवशी तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि म्हणाली, "चाल." मला कळलं, रामदासपेठ. ती सगळं सांगणार, शीग सांगणार, पट्टी सांगणार, अंगठा सांगणार, आणि डॉक्टरीणबाई ते पत्र माझ्या डोळ्यांदेखत फाडणार. माय इतकी भराभर चालत होती की मला मागून धावावं लागत होतं. मला वाटत होतं, वाटेत एखादी सायकल तिला धडकावी. नुसतं खरचटण्यापुरतं, म्हणजे परत फिरता येईल. आईबद्दल हा विचार मी केला होता, तो इथं लिहून ठेवते.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला दिवाणखान्यात बसवलं. आम्ही खाली बसलो, त्या वर. टेबलावर माझं पत्र होतं, लिहून झालेलं, सही व्हायची होती. बाई म्हणाल्या, "मी या पत्राचा विचारच करत होते. अशा घरातल्या मुलीची शिफारस करावी की नाही, प्रश्नच आहे." मोलकरणीनं पाणी आणून दिलं. मायनं गडवा उचलला आणि प्यायला लागली. हळूहळू, एकेक घोट. उन्हातून आलेलं माणूस गटागट पितं, ती तशी पीत नव्हती. मी माझ्या पायांच्या बोटांकडे पाहत होते. मग मायनं गडवा खाली ठेवला आणि तोंड पुसलं.

"बाई, माप मीच खोटं सांगतलं होतं," ती म्हणाली. "पोरीचा काही कसूर नाही. तिनं जे सांगतलं तेच लिवलं."

"मला वाटलंच होतं," बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, तसं समाधान पुढे मी फक्त परीक्षकांच्या चेहऱ्यावर पाहिलं. त्यांनी सही केली. वर म्हणाल्या, "खरं बोललीस हे चांगलं केलंस." आणि मायनं मान हलवली.

रामदासपेठेतून परत कधी निरोप आला नाही. त्या अधिक महिन्यात आमच्या वस्तीतल्या जावयांनी इतके अनारसे खाल्ले की शेवटी लोक तोंड फिरवायला लागले. बाबांचं उमरेडचं स्थळ मोडलं, मी वसतिगृहात राहायला गेले, शिकले, शिकवलं, निवृत्त झाले. डॉक्टरीणबाईंचं पुस्तकही निघालं. अनारसे त्यात नव्हते. "काही पारंपरिक पदार्थांची प्रमाणे विश्वसनीय रीतीने उपलब्ध होऊ शकली नाहीत," असं प्रस्तावनेत लिहिलं होतं. ते वाक्य मी वसतिगृहात एकटीनं वाचलं आणि पुस्तक मिटलं.

पण मी त्या दिवसाबद्दल सांगत होते. परत येताना माय भराभर चालत नव्हती. वाटेत एका झाडाखाली ती थांबली, लुगड्याचा पदर सारखा केला. मी विचारलं, "माय, तू काहून असं बोलली?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. रस्त्याकडे पाहत म्हणाली, "तू बोलशीन म्हणून थांबली होती मी. पाणी सरेपर्यंत थांबली. तू काही बोलली नाही, मंग मलेच बोला लागलं."